टाकीत काय आहे, हे शेजाऱ्यांना कळलंच पाहिजे

गोव्यातल्या पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतला रंगाचा कारखाना १० जानेवारी २०२३ रोजी पेटला, तेव्हा काळ्या धुराचे लोट लांबून दिसत होते. आमच्या बार्देश तालुक्यात जो तो फोनवर एकच विचारत होता, आत नेमकं जळतंय काय? घरात थांबायचं की पोरांना घेऊन निघायचं? अग्निशमन दलाचे जवान जिवावर उदार होऊन लढले, त्यांच्याबद्दल तक्रार नाहीच. मला राग येतो तो आधीच्या एवढ्या वर्षांचा. लोकवस्तीला खेटून असलेल्या वसाहतीत काय आणि किती साठवतात, हे शेजारच्या वाड्यावर कुणालाच ठाऊक नसावं?

कायदा नाही म्हणावं, तर तसंही नाही. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांच्या साठवणुकीचे नियम झाले. साठा ठरावीक मर्यादेपुढे गेला की कारखान्याने कुंपणाच्या आतला आपत्कालीन आराखडा करायचा, बाहेरचा प्रशासनाने. बाहेरच्या आराखड्याची वर्षातून एकदा तालीम घ्यायची. अपघाताची झळ ज्यांना बसू शकते त्यांना धोका कोणता आणि त्या वेळी काय करायचं, हे आधीच सांगायचं. हे सगळं नियमातच आहे. रासायनिक अपघातांबाबतच्या १९९६ च्या नियमांनी तर स्थानिक पातळीपर्यंत आपत्ती गट नेमायला सांगितलं. तुमच्या पंचाला, म्हणजे पंचायत सदस्याला, विचारून बघा, आपल्या भागाचा गट कोणता. मी विचारलं. त्याने उलट मलाच विचारलं, "असा गट असतो?"

मुरगावकरांना हे जास्त पटेल. जानेवारी २०१८ मध्ये मुरगाव तालुक्यातल्या चिखलीला रात्रीच्या वेळी अमोनियाचा टँकर उलटला आणि शेकडो माणसांना झोपेतून उठवून हलवावं लागलं. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, म्हणून तो थंड करून किंवा दाबाखाली द्रवरूपात ठेवतात. गळती मोठी असली की थंड ढग जमिनीलगत पसरतो. वारा जिकडे वाहतो तिकडेच धावत सुटलं तर वायू पाठ सोडत नाही. वाऱ्याला आडवं निघायचं असतं. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून नाकातोंडावर ओलं फडकं धरायचं. शाळेत पाच मिनिटांत शिकवता येईल एवढंच आहे हे. शिवाय आपल्याकडे दिवसा वारा समुद्रावरून आत येतो आणि रात्री बहुधा उलटा वाहतो, म्हणजे दुपारची गळती एका वाड्यावर जाईल आणि रात्रीची दुसऱ्याच. हे तिथे राहणाऱ्यांनाच सांगितलं नाही, तर तो आराखडा कुणासाठी केला?

टँकरच्या फलकावर १००५ हा आकडा दिसला तर आत अमोनिया आहे. आणीबाणीचा फोन नंबरही तिथेच असावा लागतो. मागे एका टँकरच्या पाठी अडकलो होतो, त्यावरच्या नंबराचे निम्मे आकडे पुसून गेलेले. तो उलटला असता तर फोन कुणाला लावायचा होता?

कारखाना बंद आहे म्हणजे धोका टळला, असंही नाही. मे २०२० मध्ये विशाखापट्टणमला टाळेबंदीत थांबलेल्या कारखान्यात स्टायरीन या रसायनाच्या टाकीचं तापमान वाढत गेलं, पहाटे वायू सुटला आणि भोंगा वाजलाच नाही. १२ माणसं गेली. आणि छोट्या साठ्यांचं काय? बर्फाच्या कारखान्यांत, मासळीच्या शीतगृहांत अमोनियाच असतो. नियमातली मर्यादा ६० टनांची, त्यामुळे त्याखालच्यांवर या नियमांनुसार आराखड्याचं आणि शेजाऱ्यांना सांगण्याचं बंधनच येत नाही. भिंतीला भिंत लागून घरं असतील तिथे ही मर्यादा खाली आणलीच पाहिजे.

माहिती उघड केली तर घातपात होईल, असं काही जण म्हणतात. टाकीचा नकाशा कुणी मागितलेला नाही. रसायनाचं नाव, जास्तीत जास्त साठा, भोंग्याची खूण आणि बाहेर पडायचा रस्ता, एवढंच पंचायतीच्या फलकावर लावा. कोंकणी, मराठी आणि हिंदीत लावा, कारण वसाहतीलगतच्या खोल्यांत राहणारे कामगार बाहेरून आलेले आहेत आणि झळ पहिली त्यांनाच बसते.

नवा प्रकल्प येणार म्हटलं की आपण गोंयकार रस्त्यावर उतरतो. लोकांनी विरोध करून परतवलेला केरीचा नायलॉन ६,६ चा कारखाना आठवा. आधीपासून उभ्या असलेल्या टाक्यांबद्दल मात्र ग्रामसभेत कुणी चकार शब्द काढत नाही.

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडतोय: साठ्याची यादी फलकावर लागावी आणि वर्षाची तालीम वाड्यावरच्या लोकांना घेऊन व्हावी. मसुदा तयार आहे. अनुमोदक हवाय. आपल्याच पंचायतीतले असाल तर इनबॉक्समध्ये कळवा. दुसऱ्या गावचे असाल तर मसुदा मागून घ्या आणि तुमच्या ग्रामसभेत मांडा.