‘ऑब्झर्व्हेशनवर ठेवा, काका’

रात्रभर तापानं फणफणलेलं पोर डॉक्टरच्या दारात गेलं की टुणटुणीत होऊन तिथल्या माशांच्या टाकीवर टकटक करायला लागतं. मिस मारणारी, म्हणजे एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकली की झटके देणारी गाडी त्याच जातीची. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, गायमुखच्या चढावर एसी चालू असताना जी उचक्या देत देत वर चढली, तीच सर्व्हिस सेंटरच्या फाटकातून आत शिरताना पारायणाला बसल्यासारखी शांत होते. अ‍ॅडव्हायझर बॉनेटवर हात ठेवतो, दोन सेकंद डोळे मिटतो आणि सांगतो, “काका, इंजिन तर एकदम स्मूथ आहे.”

(हा मुलगा समजूत काढायची असली की ‘काका’ म्हणतो आणि पैसे सांगायचे असले की ‘सर’. तेवढं कान देऊन ऐकलं तरी पुढचं वाक्य ओळखता येतं.)

यात त्याचा सगळाच दोष नाही. संशय असतो इग्निशन कॉइलवर, आणि ती वॉरंटीत फुकट बदलून घ्यायची तर आधी तिचं दुखणं कळायला हवं. इग्निशन कॉइल ही बॅटरीच्या 12 व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट करणारी वीतभर वस्तू. तीन सिलिंडरच्या गाडीत अशा तीन, पेट्रोल पेटवणाऱ्या प्रत्येक स्पार्क प्लगच्या डोक्यावर एक. 3000 आरपीएमला एकेक कॉइल सेकंदाला 25 ठिणग्या पाडते. आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, आणि वीज इकडची तिकडे जाऊ नये म्हणून भरलेलं इपॉक्सी, म्हणजे घट्ट झालेली राळ. इंजिनच्या टाळूवर बसून रोज तापायचं आणि रोज निवायचं, यात त्या इपॉक्सीला केसाएवढी भेग पडते. सपाट रस्त्यावर काही बिघडत नाही. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, दाबात ठिणगी पाडायला व्होल्ट जास्त लागतात आणि मग वीज तीन हात नाक्याचा सिग्नल चुकवणाऱ्या रिक्षासारखी त्या भेगेच्या गल्लीतून बाहेर सटकते. प्लगला ठिणगी मिळतच नाही. म्हणजे हे दुखणं गरम इंजिनात आणि ओझ्याखालीच दिसणार. वर्कशॉपवाले मात्र ते रात्रभर निवलेल्या इंजिनात, न्यूट्रलमध्ये शोधतात.

त्यात ‘इग्निशन’ म्हटलं की सोसायटीतल्या निम्म्या लोकांना फक्त किल्ली आठवते. “दुसऱ्या किल्लीनं चालू करून बघितलीत का?” हा सल्ला मला आजवर तीन जणांनी दिलाय. तिघेही इंजिनिअर.

खरी लढाई गाडी वर्कशॉपला नेण्याच्या आधीच जिंकायची असते. स्टिअरिंगखाली 16 पिनांचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारी डबी, खोचायचा आणि मोबाइलवर बिघाडाचा कोड वाचायचा. P0301 म्हणजे पहिला सिलिंडर मिस मारतोय, P0302 म्हणजे दुसरा, P0303 म्हणजे तिसरा. P0300 म्हणजे कुठला ते गाडीलाही ठरवता येत नाही. P0351 पासून पुढचे कोड थेट कॉइलच्या सर्किटकडे बोट दाखवतात. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ असते, म्हणजे बिघाडाच्या क्षणी किती आरपीएम, किती लोड आणि किती तापमान होतं याचा पंचनामा. त्याचे स्क्रीनशॉट काढायचे, तारखेसकट. अ‍ॅपमध्ये शेजारीच ‘क्लिअर’चं बटण असतं. त्याला हात लावायचा नाही. बॅटरीची वायरही काढायची नाही, बहुतेक गाड्यांत त्यानंही पुरावा पुसला जातो.

चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागलेला असेल तर जपून वर्कशॉप गाठता येतं. तो लुकलुकत असेल तर मात्र पाय सैल करा, गाडी बाजूला घ्या आणि टोइंगला फोन करा. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं, आणि कन्व्हर्टरच्या किमतीपुढे कॉइल म्हणजे चहापाणी.

आणखी एक पथ्य. वर्कशॉपला न्यायची म्हणून इंजिन धुऊन, पुसून, चकचकीत करून नेऊ नका. प्रेशरच्या पाण्यानं प्लगच्या खळग्यात पाणी साचतं, मग ‘पाणी गेलंय’ हे त्यांचं म्हणणं खरंच ठरतं आणि क्लेम संपतो. गाडी मळकी असू द्या. फक्त बॉनेट उघडून वायरिंगचे चार फोटो काढा, कुठेही काप नाही, टेप नाही, बाहेरच्या म्युझिक सिस्टिमचा जोड नाही, हे दिसेल असे. कशासाठी ते पुढे कळेल.

गाडी नेताना इंजिन गरम पाहिजे. पहाटे सातला नेऊन काही उपयोग नाही. साडेदहाला मानपाड्याहून कापूरबावडीकडे निघा, घोडबंदर रोडची कोंडी बाकीचं बघून घेते. मेट्रोच्या बॅरिकेडांचं भलं चिंतावं असा माझ्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग. पोचल्या पोचल्या, चहा नाकारून, टेस्ट ड्राइव्ह मागायची. ‘टेस्ट ड्राइव्ह’ म्हणजे वर्कशॉपभोवती प्रदक्षिणा असा तिथे समज आहे. आपण शेजारी बसायचं, फ्लायओव्हरच्या चढाकडे बोट दाखवायचं आणि एसी सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवायचा.

मग जॉबकार्ड, म्हणजे तक्रारीची लेखी नोंद. अ‍ॅडव्हायझर टाइप करतो, ‘चेक इंजिन लाइट, जनरल चेकअप’. इथे हटून बसा. ‘गरम इंजिन, चढ, एसी चालू, 2000 ते 3000 आरपीएमला झटके, कोड P0302, स्क्रीनशॉट दाखवले’ एवढं सगळं लिहून घ्या आणि त्याची प्रत खिशात टाका. वॉरंटीत बिघाडाची तारीख म्हणजे जॉबकार्डची तारीख. उद्या वॉरंटी संपली आणि परवा कॉइल पूर्ण मेली, तर हाच कागद बोलतो. ‘नो प्रॉब्लेम फाउंड, ऑब्झर्व्हेशनवर ठेवा’ असं लिहून परत पाठवलं तरी वाईट वाटून घेऊ नका, तोही कागदच. असे तीन झाले की मॅनेजरचा आवाज आपोआप खाली येतो.

त्यांच्याकडची कारणं ठरलेली आणि क्रमही ठरलेला. पहिलं पेट्रोल. “कुठल्या पंपावर भरता?” भेसळीचं पेट्रोल असतं तर तिन्ही सिलिंडर कमी-जास्त रडले असते, एकटा दुसराच का? मग इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग आणि टाकीत ओतायची एक बाटली. तिन्हींना नम्रपणे नाही म्हणायचं. मग प्लग. इथे जरा सबुरीनं घ्यावं, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य असू शकतं. झिजलेल्या प्लगची गॅप वाढते, गॅप वाढली की कॉइलला जास्त जोर लावावा लागतो आणि ती लवकर मरते. प्लग झीज होणाऱ्या वस्तूंत मोडतो, ब्रेक पॅड आणि वायपरच्या रबराच्या पंगतीत, म्हणून वॉरंटीत येत नाही. बदलायची मुदत उलटली असेल तर प्लगचे पैसे मुकाट्यानं द्या, नाहीतर त्याच कारणावर कॉइल नाकारतील. सगळ्यात शेवटी उंदीर. ठाण्यातल्या कुठल्याही बेसमेंट पार्किंगमध्ये उंदीर आहेत, त्यामुळे हा आरोप कुणालाही चिकटतो. आता वायरिंगचे ते चार फोटो दाखवा.

एवढ्यानं भागत नसेल तर एकच गोष्ट मागायची, कॉइलची अदलाबदल, आपल्यासमोर. घरी स्वतः करू नका, वॉरंटीतल्या गाडीला आपण पाना लावला की सगळं बिल आपल्या नावावर. टेक्निशियन दादा मात्र अ‍ॅडव्हायझरपेक्षा नेहमीच मोकळा असतो. तो आधी कॉइलवर मार्करनं 1, 2, 3 लिहितो. कनेक्टरची खिट्टी अंगठ्यानं दाबून ओढतो, 10 नंबरच्या पान्यानं एकच बोल्ट सोडतो आणि कॉइल जरा पिळून वर घेतो. खालचं रबरी बूट ‘पच्’ असा आवाज करून सुटतं. ते तेलानं ओलं आहे का हे तेव्हाच बघायचं. असेल तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट गळतंय, नवी कॉइलही तिथे टिकणार नाही, आणि वॉरंटीत ते गॅस्केटही मागायचं. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बुडाशी तपकिरी कडं दिसलं तर दचकू नका, चहाच्या कपाला पडतं तसला तो डाग, निरुपद्रवी. पेन्सिलनं ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली तर मात्र फोटो काढा. तिथून वीज पळत होती.

दोन नंबरची कॉइल एकवर, एकची दोनवर. कोड पुसायचा, पुन्हा चढावर न्यायची. P0301 आला की वाद संपला. बिघाड कॉइलबरोबर घर बदलून गेला. कोड दोनवरच राहिला तर प्लगांची अदलाबदल करायची, त्यानंतर इंजेक्टर. बाटल्या ओतण्यापेक्षा या शोधाला वेळ कमी लागतो, पण बाटलीचं बिल होतं, शोधाचं होत नाही.

यानंतर ‘कंपनीचं अप्रूव्हल’ नावाचा अदृश्य देव येतो. त्याची वाट बघताना गाडी ठेवून घेत असतील तर ओडोमीटरचा फोटो काढा. मधल्या काळात ‘कोड पुसल्यापासून किती किलोमीटर’ हा आकडाही डोंगलवर दिसतो. तो शून्य झाला तर कुणीतरी दिवा विझवून ‘काका, झालं काम’ म्हणायच्या तयारीत आहे. वॉरंटी नुकतीच संपलेली असेल आणि सर्व्हिसची नोंद चोख असेल तर ‘गुडविल’, म्हणजे मुदतीनंतरची मेहेरबानी, हा शब्द उच्चारा. तो पाटीवर कुठे लिहिलेला नसतो, मेनूकार्डात नसलेल्या झुणक्यासारखा मागितला तरच मिळतो. गाडीचा 17 अक्षरी चासी नंबर देऊन रिकॉल आहे का, म्हणजे सदोष भाग बदलायला कंपनीनं गाड्या परत बोलावल्यात का, तेही विचारावं. अशी उदाहरणं आहेत: 2003 साली अमेरिकेत फोक्सवॅगननं कॉइल फुकट बदलून दिल्या होत्या. ही माहिती अ‍ॅडव्हायझरला सांगितली तर तो म्हणतो, “सर, ती अमेरिका.” इथे ‘सर’ आलं की समजायचं, नाही म्हणतोय.

तसं झालं तर वर्क्स मॅनेजर, मग कंपनीला ईमेल, तेही नाही जमलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यापुढे 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. इतकं सहसा लागत नाही. जॉबकार्डांची फाइल टेबलावर नुसती ठेवली तरी पुरतं. फाइल जाडी दिसावी म्हणून मी त्यात सोसायटीची मेंटेनन्सची बिलंही घालतो.

कॉइल बदलली की शून्य रुपयांचं बिल मागून घ्यायचं. “फुकट आहे, बिल कशाला?” असं विचारतील. पार्ट नंबर आणि तारीख त्यावरच असते, आणि तीच कॉइल पुन्हा गेली तर तोच पुरावा. लेबरच्या रकान्यातही शून्य आहे का बघा. जुनी कॉइल मिळत नाही, ती कंपनीला परत जाते. तिच्या गळ्यात जॉबकार्ड नंबरची चिठ्ठी बांधून टेबलावर ठेवलेली असते, शाळेच्या पहिल्या दिवशी पोराच्या शर्टाला नाव अडकवतात तशी.

बिल घेऊन निघालं की पुन्हा गायमुखचा चढ. तिसरा गिअर, एसी चार नंबरवर, एक उचकी नाही. पावसाची एक सर आली म्हणून वायपर लावला, तर तो काचेवरून कुरकुरत गेला. त्याचं रबर वॉरंटीत येत नाही.