लडाखात जाऊन गोटे पाहिले

नाकाचं साल अजून निघतंय. ज्याच्यापायी ते गेलं, त्याचा काल सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर पार कचरा झाला.

तर जानेवारीत हेमिस राष्ट्रीय उद्यानात हिमबिबट्या पाहायला गेलो होतो. नागपूर जेमतेम ३१० मीटरवर, लेह साडेतीन हजारांवर. त्यामुळे पहिले दोन दिवस नुसतं पडून श्वास घेण्यात गेले. मग रुम्बक गावात मुक्काम. रात्री उणे वीस, टूथपेस्ट ट्यूबमधून बाहेर यायला तयार नाही. सहाव्या दिवशी वाटाड्या ‘शान, शान’ असं कुजबुजला (लडाखी लोक त्याला शान म्हणतात) आणि दुर्बिणीपुढे अकरा जणांची रांग लागली. पहिल्या गृहस्थांनी तर डोळा लावला तो काढलाच नाही, जणू मोतीबिंदू तपासून घेत होते. माझ्या वाट्याला दोन मिनिटं आली. समोरच्या कड्यावरच्या एका दगडाला शेपूट होतं, जवळजवळ दगडाएवढंच लांब, आणि ते हललं. मी धन्य झालो. धन्य होण्याच्या गडबडीत मोबाइल दुर्बिणीला लावायचं राहिलं, नुसताच उंचावून फोटो काढला.

काल तोच फोटो मित्राला दाखवत होतो. शेजारी एक काका पोहे खात होते. माकडटोपी, त्यावर मफलर, स्वेटरवर जॅकेट. तापमान बारा.

‘‘काय पाहून राहिले जी?’’

सांगितलं.

‘‘लद्दाखले? थंडी तर यंदा आपल्या इथंच लय आहे.’’ असं म्हणत त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला. विचारून नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला. बोटांना तर्री होती.

‘‘कुठी आहे?’’

‘‘तो काय, डावीकडे.’’

‘‘हा तं गोटा आहे.’’

‘‘त्याच्या शेजारचा.’’

‘‘तो बी गोटाच आहे ना भाऊ! बरं, डरकाळी आयकली?’’

‘‘हिमबिबट्या डरकाळी फोडत नाही. त्याला येतच नाही.’’

काकांनी घास खाली ठेवला. ‘‘मंग वाघ कायचा?’’

तो वाघ नाहीच, हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी आकडे काढले. हेमिस साधारण ४,४०० चौरस किलोमीटर. २०२४ साली जाहीर झालेल्या गणनेत देशात हिमबिबटे ७१८, त्यातले ४७७ एकट्या लडाखात. काका एवढंच म्हणाले, ‘‘चारशे सत्त्याहत्तर! अन् तुमाले एक बी धड नाही दिसला?’’

मग त्यांचा ‘जय’ निघाला. निघणारच होता. उमरेड-करांडला अभयारण्यातला जय हा वाघ २०१६ मध्ये बेपत्ता झाला, पण त्याला दहा फुटांवरून पाहिलेली माणसं नागपुरात दरवर्षी वाढतच आहेत. काकांनी त्याला स्कूटरवरून पाहिला होता. स्कूटर बंद पडली होती. जय स्वतःहून बाजूला झाला होता.

आपल्याकडे जंगल म्हणजे वाघ आणि वाघ म्हणजे सायटिंग, बाकी सगळा पाला. ताडोबात जिप्सीपुढून रानकुत्र्यांचा अख्खा कळप जातो आणि मागच्या सीटवरून आवाज येतो, ‘‘चला ना पुढं.’’ वाघ दिसला नाही की गाइड बिचारा गुन्हेगारासारखा मान खाली घालतो. हे मी तावातावाने लिहितोय, पण गेल्या मे महिन्यात त्या मागच्या सीटवर मीच होतो. रुम्बकच्या वरच्या उतारावर भरलांचा कळप दिसायचा, निळसर करड्या रंगाच्या त्या जंगली मेंढ्या. बिबट्याचं पोट त्यांच्यावरच चालतं. पाच दिवस त्या पाहूनही, सहावा उजाडेपर्यंत मी सगळ्यांना ‘काही दिसलं नाही’ असंच सांगत होतो.

तोवर मोबाइल ठेलाभर फिरत होता. ‘‘हे भाऊ लद्दाखले जाऊन गोटे पाहून आले,’’ काका ओळख करून देत होते. एका कॉलेजच्या पोराला तर शेपूटसुद्धा सापडलं, पण ते दुसऱ्याच कड्यावर. मला घाम फुटला, कारण तिथे खरंच काहीतरी होतं. मग मी नक्की कशाचा फोटो काढला?

मोबाइल परत आला तेव्हा हिमालयावर तर्रीचा लाल पट्टा उमटला होता. रुमालाने पुसला तर तो आणखी पसरला.

‘‘आता दिसून राहिला वाघ,’’ काका म्हणाले, हात धुतले आणि निघाले. मी पैसे द्यायला गेलो.

‘‘चार प्लेट,’’ ठेलेवाला म्हणाला.

‘‘आम्ही दोघंच आहोत. दोन.’’

‘‘काकाजींच्या दोन. बोलले, लद्दाखवाले भाऊ देतील.’’