मलावीचा व्हाइटनर आणि आफ्रिकेतली खुर्ची

सध्या एक मजकूर फिरतोय: गोरे गेले, पण आफ्रिकेत खुर्ची हलते ती बंदुकीनेच; मतदान नाटक, मोजणी आधीच ठरलेली, न्यायाधीश राष्ट्राध्यक्षांच्या खिशात. एकेक दावा घेऊ.

‘बंदुकीशिवाय सत्ता बदलत नाही.’ माली, बुर्किना फासो, नायजर, गॅबन इथे २०२० ते २०२३ या काळात लष्कराने सरकारं उलथवली, हे खरंच. पण झांबियात १९९१, २०११ आणि २०२१ असं तीनदा पदावरचे राष्ट्राध्यक्ष मतांनी हरले आणि पायउतार झाले. घानात २००८ची निवडणूक दुसऱ्या फेरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने सुटली, तरी सत्ताधाऱ्यांनी सत्ता सोडली. आणि ज्या मॉरिशसमध्ये मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या मतदान करतात, तिथे १९८२मध्ये विरोधकांनी मुख्य बेटावरच्या ६०पैकी ६० जागा जिंकल्या होत्या.

‘मोजणी ठरलेली असते.’ चोरी होते, नाही कशाला म्हणा? पण ती पकडता येते, कारण मोजणी मतदान केंद्रावरच होते, आकडे तिथेच एका तक्त्यावर भरले जातात आणि पक्षांचे प्रतिनिधी त्यावर सह्या करतात. पुढे वरच्या पातळीवर आकडा फिरवला, तर खालचा कागद बोलतो. मलावीत मे २०१९च्या निवडणुकीत पदावरचे राष्ट्राध्यक्ष पीटर मुथारिका ३८.५७ टक्के मतांवर विजयी जाहीर झाले. नंतर कोर्टात तक्ते उघडले, तर आकड्यांवर चक्क व्हाइटनर फासलेला. काही तक्त्यांवर सह्याच नाहीत, काही मूळ प्रतीऐवजी दुसऱ्याच प्रतीवर भरलेले. चोरी इतकी गबाळी होती की देशभर तो व्हाइटनरच गाजला.

‘न्यायाधीश खिशात.’ मलावीचे पाच न्यायाधीश ३ फेब्रुवारी २०२० रोजी लष्कराच्या बंदोबस्तात, बुलेटप्रूफ जाकिटं घालून कोर्टात आले. निकालपत्राचं वाचन सुमारे दहा तास चाललं, आणि निवडणूक रद्द झाली. जूनमध्ये फेरमतदान होऊन विरोधी नेते लाझारस चकवेरा निवडून आले. त्याआधी सरकारने सरन्यायाधीशांना निवृत्तीपूर्व रजेवर पाठवायचा घाट घातला होता. कोर्टाने तोही रोखला. केनियात २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली खरी, पण फेरमतदानावर मुख्य विरोधकाने बहिष्कार टाकला आणि तेच राष्ट्राध्यक्ष परत आले. म्हणजे निकाल मिळाला की काम झालं, असंही नाही. मुथारिकाही २०२५मध्ये परतले, पण मतपेटीतून.

मग कॅमेरूनमध्ये राष्ट्राध्यक्ष पॉल बिया १९८२पासून कसे टिकले? बंदुकीइतकेच नियमांच्या जोरावर. राष्ट्राध्यक्षपदाच्या कार्यकाळाची मर्यादा २००८मध्ये घटनेतून काढली गेली, आणि निवडणूक एकाच फेरीत उरकते. विरोधक फुटले की निम्म्याहून कमी मतंही पुरतात. मलावीत कोर्टाने नेमकी हीच पळवाट बुजवली: बहुमत म्हणजे निम्म्याहून जास्त मतं, नुसती सर्वाधिक नव्हेत.