दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपला महामार्ग

कोकणात खासगी भांडवलातून महामार्ग बांधण्याचा ज्यांचा मानस असेल, त्यांनी भांडवलाची फार चिंता करू नये, कारण ते बहुतांशी दुसऱ्यांचेच असते. 2016 पासून रूढ झालेल्या हायब्रिड अ‍ॅन्युइटी पद्धतीत बांधकाम खर्चाचा 40 टक्के वाटा सरकार काम चालू असतानाच देते. उरलेला आपण मुख्यतः बँकेच्या कर्जातून उभा करावा आणि रस्ता पूर्ण झाल्यावर साधारण 15 वर्षे सव्याज हप्त्यांनी वसूल करावा. जमिनीचे पैसे आपल्या हिशेबात धरायचेच नाहीत, ते सरकार देते. मात्र मोबदला कमी असला की सरकारी कागदावर प्रकल्प अधिक व्यवहार्य दिसतो, म्हणून त्या बाबतीत काटकसर झाल्यास आपण हरकत घेऊ नये.

2013 च्या भूसंपादन कायद्याने बाजारभावावर 100 टक्के दिलासा रक्कम देऊ केली आहे आणि 1 जानेवारी 2015 पासून ती तरतूद राष्ट्रीय महामार्गांनाही लागू आहे, हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. दुप्पट करायची ती मूळ रक्कम कोणती, हे शेवटी शीघ्रसिद्ध गणकावर (जमिनीच्या सरकारी दरांच्या तक्त्यावर) आणि आजूबाजूच्या खरेदीखतांवर ठरते, आणि मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खरेदीखतात अर्धीच किंमत लिहिण्याचे शहाणपण आपल्या लोकांनी आधीच दाखवून ठेवले आहे. शिवाय ज्या कातळावर पावसाळ्यात गुरे चरतात, तो सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, असतो. पंचनाम्याच्या वेळी हापूसची कलमे नीट मोजावीत. जे कलम पुढच्या वर्षी धरणार आहे, ते यंदा न धरणारे म्हणून लिहावे, त्यात खोटे काहीच नाही.

खरी मदत मात्र खातेदारच करतात. एका गुंठ्याच्या सातबाऱ्यावर वारलेले आजोबा, त्यांचे चुलते, सासरी गेलेल्या आत्या आणि लालबागला राहणारे पुतणे सामाईकात नांदत असतात, आणि या सर्वांची संमती एका कागदावर यायची म्हणजे गणपतीची सुट्टी गाठावी लागते. अशा वेळी आपण भाऊबंदकीत पडू नये. हिश्श्याचा वाद न्यायालयाकडे जातो, रक्कम तिकडे पडून राहते, आणि ती एकदा जमा झाली की जमिनीचा ताबा त्यासाठी अडत नाही. मुंबई–गोवा महामार्गावरील परशुराम घाटात देवस्थान, खोत आणि कुळे यांच्यात मोबदल्यावरून वाद लागला व काम अडकले, हे उदाहरण मात्र पाठ करून ठेवावे. आपल्या इतर सर्व विलंबांचे खापर त्यावर फोडता येते. (मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम 2011 पासून चालू आहे, एवढे पुरे.)

पथकर सुरू झाल्यावर गावकरी मोर्चा आणतील. त्यांना नियम दाखवावा: नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना सवलतीचा मासिक पास मिळतो. तो बिगर-व्यावसायिक वाहनांसाठी असतो, त्यामुळे उरलेल्या कलमांच्या पेट्या घेऊन वाशीला निघालेला टेम्पो त्यात बसत नाही, हे त्यांना नाक्यावरच कळू द्यावे.