विकिपीडिया ओपन सोर्सच्या मुळावर उठलाय म्हणे! जरा एकेक मुद्दा बघू

डेव्हलपर लोकांच्या ग्रुपांत सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. तुम्ही वाचला नसेल तर थोडक्यात सांगतो. विकिपीडिया ओपन सोर्स (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रोजेक्टचे लेख मुद्दाम उडवतो, पैसेवाल्या कंपन्यांचे मात्र ठेवतो, हजारो लोक एखादं सॉफ्टवेअर वापरतात याला तिथे काडीची किंमत नाही, स्वतः मात्र फुकटच्या सॉफ्टवेअरवर चालतो, आणि म्हणून कुठल्याही प्रोजेक्टचा लेख वगळायला काढला की आपण सगळ्यांनी तिथे जाऊन "लेख ठेवा" असं लिहायचं.

लिहिणाऱ्याची तळमळ खरी आहे. नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं एखादी लायब्ररी (इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड) जिवंत ठेवणाऱ्या माणसाला कुणीतरी येऊन "उल्लेखनीय नाही" असा शिक्का मारला की कसं वाटत असेल हे मला कळतं आणि त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पण मेसेजमधले बहुतेक मुद्दे चुकीचे आहेत, आणि शेवटचा सल्ला तर आपल्याच प्रोजेक्टच्या पायावर धोंडा पाडणारा आहे.

"गिटहबवर इतके तारे आहेत, इतकी डाउनलोड्स आहेत, मग अजून काय पाहिजे?"

गिटहब म्हणजे कोड ठेवायची साइट आणि तारे म्हणजे तिथले लाइक. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो म्हणून इथे जरा जास्त थांबतो. विकिपीडियावर उल्लेखनीयता म्हणजे दर्जा नाही, उपयुक्तता नाही, कोड किती सुंदर आहे ते तर नाहीच नाही. तिथे बघतात ते एवढंच की प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या, भरवशाच्या लोकांनी त्याच्याबद्दल सविस्तर लिहून ठेवलंय का. सविस्तर म्हणजे "टॉप टेन टूल्स" मधली दोन ओळींची नोंद नव्हे, आणि संबंध नसलेला म्हणजे मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) नाही, त्याची कंपनी नाही, स्पॉन्सर नाही.

उदाहरण म्हणून लेफ्ट-पॅड घ्या. अकरा ओळींचा कोड, काम काय तर स्ट्रिंगच्या डावीकडे जागा भरणं. मार्च २०१६ मध्ये त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या कोठारातून आपली पॅकेजेस काढून घेतली, त्यावर विसंबलेल्या जगभरातल्या लोकांचे बिल्ड, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार करण्याचं काम, धडाधड पडले, मोठमोठ्या माध्यमांनी त्यावर लिहिलं, आणि आज त्या प्रकरणावर इंग्रजी विकिपीडियावर लेख आहे. त्या अकरा ओळी तुमच्या पन्नास हजार ओळींपेक्षा थोर आहेत असं कुणीच म्हणत नाहीये, त्यांच्याबद्दल बाहेरच्या लोकांनी लिहिलं एवढाच फरक आहे.

आता तारे का चालत नाहीत? एक तर ते विकत मिळतात, हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. डाउनलोडचे आकडे म्हणाल तर त्यात माणसं किती आणि दर कमिटला (कोडमधल्या प्रत्येक बदलाला) तेच पॅकेज पुन्हा पुन्हा खेचणारे सीआय सर्व्हर (आपोआप चाचण्या चालवणारी यंत्रं) किती हे सांगता येत नाही. पण समजा सगळे तारे अस्सल आहेत, तरी प्रश्न उरतोच, कारण ताऱ्यांवरून लेख लिहिता येत नाही. प्रोजेक्ट का सुरू झाला, आधीच्यापेक्षा वेगळं काय केलं, कुठे कमी पडला, कुणी टीका केली, ही माहिती आकड्यातून निघत नाही. मग माणूस रीडमी (प्रोजेक्टवाल्यांनीच लिहिलेली ओळख) उघडतो आणि त्यातलं "अतिवेगवान, हलकंफुलकं, वापरायला सोपं" उचलून लेखात टाकतो, आणि तो झाला जाहिरातीचा कागद, मग सॉफ्टवेअर फुकट असो की विकतचं.

"आमची लायब्ररी अमुक मोठ्या ठिकाणी वापरतात" हेही याच जातीतलं. २०२१ मध्ये नासाचं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर मंगळावर उडालं तेव्हा त्यामागच्या ओपन सोर्स प्रोजेक्टना हातभार लावणाऱ्या जवळपास १२,००० लोकांना गिटहबने प्रोफाइलवर बॅज दिला. फार मोठी गोष्ट आहे ती, मला त्याचा मनापासून आनंद झाला होता. पण त्या यादीतल्या प्रत्येक छोट्या पॅकेजवर स्वतंत्र लेख होईल का? नाही, कारण मोठेपण नासाकडून वारसाहक्काने मिळत नाही, त्या पॅकेजबद्दल कुणीतरी वेगळं लिहिलेलं लागतं.

शोधनिबंधांच्या बाबतीत चांगली चांगली माणसं फसतात म्हणून तेही सांगतो. जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर हे २०१६ पासूनचं उत्तम काम आहे, तिथे पीअर रिव्ह्यू (इतर तज्ज्ञांकडून तपासणी) होतो, डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, संशोधकांना श्रेय मिळतं. पण तिथला निबंध लिहितो कोण? प्रोजेक्टचेच लोक. म्हणजे माहितीला तो आधार म्हणून चालेल, स्वतंत्र स्रोत म्हणून नाही. दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात तुमच्या टूलची चार पानं चिकित्सा केली असेल तर ते मात्र सोनं आहे.

"कंपन्यांचे लेख राहतात, आपले उडतात"

नियम बघितले तर उलट आहे. कंपन्या आणि त्यांची उत्पादनं यांच्यासाठी इंग्रजी विकिपीडियाने २०१८ मध्ये निकष मुद्दाम कडक केले, तिथे गुंतवणूक मिळाल्याच्या बातम्या, सीईओच्या मुलाखती, प्रेस रिलीजवरून छापलेला मजकूर हे सगळं बाद धरतात. भारतातल्या बातम्यांबद्दल तर तिथे खास इशाराच लिहून ठेवलाय, कारण आपल्याकडे पैसे घेऊन छापलेली बातमी साध्या बातमीसारखी दिसते. पैसे घेऊन संपादन करत असाल तर ते जाहीर करणं २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे. आणि २०१५ मधलं ऑरेंजमूडी प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांनी जरूर शोधून वाचा. एका टोळीने नाकारलेले मसुदे हेरून त्या त्या लोकांना गाठलं, पैसे द्या लेख करून देतो, मग दरमहा पैसे द्या लेख सांभाळतो, असा धंदा चालवला होता. ३८१ खाती बंद केली गेली, २१० लेख उडवले गेले. तुमच्या प्रोजेक्टच्या मेलवर "विकिपीडिया पेज करून देतो" असं काही आलं तर उत्तरही देऊ नका.

एक मात्र मान्य करायलाच हवं. ज्याच्याकडे पीआरचं बजेट आहे त्याच्याबद्दल जास्त छापून येतं, आणि जे जास्त छापून येतं त्यातलं थोडं का होईना खरंखुरं स्वतंत्र असतं. एकट्या मेंटेनरकडे यातलं काहीच नाही. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर अर्धं इंटरनेट टेकलेलं होतं पण सर्वसामान्य वर्तमानपत्रांना त्याची आठवण झाली ती एप्रिल २०१४ मध्ये त्यातली हार्टब्लीड ही सुरक्षेची त्रुटी निघाल्यावर. लॉगफोरजे या जावा लायब्ररीचंही डिसेंबर २०२१ मध्ये तेच झालं. हा अन्याय आहेच, आणि मला तो टोचतो. पण तो लेखणी हातात असणाऱ्या सगळ्या जगाने केलेला आहे, विकिपीडियात फक्त त्याचं प्रतिबिंब पडतं, आणि आरशाशी भांडून काही मिळणार नाही.

"कुणी एक माणूस येतो आणि एका क्लिकमध्ये लेख उडवतो"

असं होत नाही. वगळण्याची चर्चा साधारण सात दिवस चालते, कुणालाही त्यात लिहिता येतं, शेवटी प्रचालक (विकिपीडियाचा अ‍ॅडमिन) युक्तिवाद वाचून निर्णय देतो, तो पटला नाही तर फेरविचार मागता येतो. उलट लेखात विषयाचं महत्त्व कुठेच दिसत नाही एवढ्या कारणावरून कंपनीचा किंवा व्यक्तीचा लेख झटपट वगळता येतो तो निकष सॉफ्टवेअरला लागूच नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा माहीत नसावं. निव्वळ जाहिरात असेल तर झटपट उडतो, पण तो नियम सगळ्यांनाच आहे.

चुका होतात का? होतात. २०११ मध्ये नेमर्ले, अ‍ॅलिस एमएल अशा प्रोग्रॅमिंग भाषांचे लेख वगळायला काढले होते तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पण नेमर्ले ही पोलंडमधल्या व्रोत्सवाफ विद्यापीठात जन्मलेली भाषा, तिचा लेख आज तिथे आहे. म्हणजे चूक दुरुस्त करायची सोय आहे. वगळलेला मजकूरसुद्धा जगातून नाहीसा होत नाही, विनंती केली तर बऱ्याचदा मसुदा म्हणून परत मिळतो आणि मग सावकाश स्रोत शोधून सुधारता येतो.

"स्वतः ओपन सोर्सवर चालतो आणि आपल्यालाच विसरतो"

विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आहे, पीएचपीत लिहिलेलं आहे, डेटाबेस २०१३ मध्ये मारियाडीबीवर नेला, मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त लायसन्सखाली आहे. हे सगळं खरं. पण म्हणून ज्ञानकोशाने आपल्या गोतावळ्यातल्यांना वेगळी मोजपट्टी लावायची? असं दुसऱ्या कुणी केलं तर आपण त्याला वशिला म्हणतो.

आता तो "सगळ्यांनी जाऊन ठेवा लिहा" हा सल्ला. कृपा करून हे करू नका. ती चर्चा म्हणजे मतदान नाही, तिथे डोकी मोजत नाहीत. त्याच दिवशी उघडलेल्या खात्यांवरून पन्नास जणांनी "फार उपयोगी आहे, ठेवा" लिहिलं तर त्या प्रत्येकापुढे नवं खातं म्हणून खूण लागते, बाहेरून माणसं गोळा केल्याची नोंद होते, आणि एखाद्या बिचाऱ्याने मधेच खरोखर चांगला स्रोत दिला असेल तर तो त्या गर्दीत बुडतो, आणि पुढच्या वेळी त्याच प्रोजेक्टचा प्रामाणिक मसुदा आला तरी लोक संशयानेच बघतात, म्हणजे ज्याला वाचवायला गेलो त्यालाच आपण बुडवलं. त्यापेक्षा एकाच माणसाने जावं, आपण प्रोजेक्टचे आहोत हे सरळ सांगावं, आणि तीन चांगले स्रोत पुढे ठेवावेत. लेख आधीपासून असेल तर त्यात स्वतः हात न घालता चर्चा पानावर बदलाची विनंती करावी. स्रोत कमी पडत असतील तर एखाद्या तुलनात्मक यादीत नोंद आणि तिकडे पुनर्निर्देशन (त्या नावाने शोधलं की यादीवर नेणारा दुवा) हाही मार्ग असतो, त्यात कमीपणा काही नाही.

मेसेजमध्ये असंही आहे की विकिपीडियावर नाही तो प्रोजेक्ट इतिहासातून पुसला जाणार. अहो, सॉफ्टवेअर हेरिटेज २०१६ पासून जगभरचा सोर्स कोड जतन करतंय, तिथे उल्लेखनीयता कुणी विचारत नाही. विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड प्रकल्पावर नोंदीचे निकष बरेच सैल आहेत, रिपॉझिटरीचा (कोड ठेवलेल्या जागेचा) पत्ता, लायसन्स, आवृत्ती हे सगळं तिथे नीट रकान्यात भरता येतं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची डिरेक्टरी आहे.

आणि "इंग्रजीत जमलं नाही तर मराठीत टाकून देऊ" हे जे खाली कुणीतरी जोडलंय ते वाचून मला राग आला. मराठी विकिपीडिया २००३ पासून मोजक्या लोकांनी फावल्या वेळात उभा केलाय, उल्लेखनीयतेचा प्रश्न तिथेही विचारला जातो, आणि मशीनने भाषांतर केलेली प्रॉडक्ट पेजेस साफ करत बसणं हे त्या माणसांचं काम नाही.

खरं काम वेगळं आहे. तुम्ही एखादं टूल वापरता पण त्याच्या टीममध्ये नाही, तर तुम्हीच त्याच्यावर लिहा, आणि स्वतःच्या ब्लॉगवर नाही तर जिथे संपादक असतो अशा ठिकाणी, कुठे अडलं, कुठे दुसरं चांगलं वाटलं यासकट. एलडब्ल्यूएनसारख्या लिनक्सच्या बातम्या देणाऱ्या साइटवर बाहेरच्यांचे लेख घेतात, आपल्याकडे ओपन सोर्स फॉर यू हे मासिक आहे. आणि जुनं शोधा. स्रोत ऑनलाइनच असला पाहिजे असा नियम नाही, छापील मासिकाचा अंक आणि पान क्रमांक दिला तरी चालतो. ओपन सोर्स फॉर यू २००३ मध्ये लिनक्स फॉर यू नावाने निघालं, तेव्हाचे अंक कुणाच्या माळ्यावर, कॉलेजच्या लायब्ररीत पडलेले असतील तर रद्दीत घालू नका, अनुक्रमणिकेचे फोटो काढून मला पाठवा. ज्या प्रोजेक्टचे लेख सध्या चर्चेत आहेत त्यांची नावं त्यात शोधायला मी बसतो.