आराखड्यात शिक्षक कुठे आहेत?

‘शाळेचा दहा वर्षांचा आराखडा ठरल्याप्रमाणे पुढे सरकतो आहे’ असं एका विनाअनुदानित खासगी शाळेच्या प्रगतीवर छापून आलेल्या लेखात म्हटलंय. पुरावा काय, तर नवी इमारत, जलतरण तलाव आणि वर्गावर्गात स्मार्ट बोर्ड. किती शिक्षक टिकले यावर एक ओळ नाही! माझी मुलगी अशाच एका विनाअनुदानित शाळेत आहे. पालकसभेत रंगीत स्लाइड्स झकास असतात, पण गणिताच्या बाई वर्षाच्या मध्येच का सोडून गेल्या असं विचारलं की लगेच चहाची वेळ होते.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा विकास आराखडा करण्याचं काम व्यवस्थापन समितीचं आहे आणि त्या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक लागतात. विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र हे कलम लागूच नाही. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पालकाला कागदावर तरी आराखड्यात हात घालता येतो, आणि आम्ही भरमसाट फी भरून फक्त टाळ्या वाजवायच्या. मूळ आराखडा आधी संकेतस्थळावर टाका, प्रगती किती झाली ते आमचं आम्ही बघू.