मूड नाही, काका

सर्वप्रथम, आत्याला कावीळ झालेली नाही. ज्यांनी ज्यांनी फोन करून काळजी व्यक्त केली त्या सगळ्यांना मी हेच सांगत आलोय, आणि अजून कोणी उरलं असेल तर त्यांनीही ऐकून ठेवावं. आत्या ठणठणीत आहे. आजारी आहे तो फोटो. एका नातेवाइकांनी तर आत्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग मोठा करून, त्यावर लाल गोल काढून मला पाठवला, खाली लिहिलं, "दुर्लक्ष करू नका." दुर्लक्ष मी करतच नाहीये. दुर्लक्ष करता येत असतं तर हे लिहायला बसलो नसतो.

घडलं ते असं. आत्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस, दुपारी झाडाखाली सगळे उभे, फोटो मी काढला, रात्री बसून त्याचे रंग नीट केले आणि घरच्या ग्रुपवर टाकला. थोड्याच वेळात जावईबापूंनी तोच फोटो "जरासा एन्हान्स करून" परत टाकला. मग टाळ्या, बदाम, फुलं, "वा, अगदी पिक्चरसारखा!" हे सगळं त्या दुसऱ्या फोटोच्या खाली. माझ्या फोटोला एक अंगठा. तो माझ्या बायकोचा, आणि तोही बहुधा चुकून लागलेला.

जावईबापू म्हणजे माझ्या चुलतबहिणीचे जावई. वयाने माझ्या निम्मे, मानाने दुप्पट. मी त्यांना "अहो" म्हणायचं आणि त्यांनी मला "काका". त्यांच्या तोंडून "काका" ऐकलं की लगेच कुणीतरी आपल्याला रस्ता ओलांडून देणार आहे असं वाटतं. त्या आठवड्यात ते घरी आले, माझ्या लॅपटॉपशेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काका, राग नका मानू. तुमचा फोटो छानच आहे. फक्त तो खरा वाटतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथे जसं दिसत होतं ना, अगदी तसंच दिसतंय."

मी आभार मानायला तोंड उघडलं होतं. ही तक्रार आहे हे ऐन वेळी लक्षात आलं.

"त्यात मूड नाही," जावईबापूंनी समजावलं.

"मूड चांगला होता की. हसतेय बघा आत्या."

"आत्यांचा नाही हो. फोटोचा."

फोटोचा मूड बिघडायचं कारण मला कळेना. जावईबापूंनी विषय माझ्यासाठी सोपा केला. "बरं, तुम्ही प्रीसेट कुठला लावता?"

"कुठलाच नाही."

"लट?"

"नाही."

प्रीसेट म्हणजे एका बोटाने फोटोवर चढणारी तयार रंगजुळणी. आणि लट केसांची नव्हे, LUT, म्हणजे कुठल्या रंगाच्या जागी कुठला ठेवायचा याचा तयार तक्ता. ते माझ्याकडे बघत राहिले. चष्मा घरी विसरून गाडी चालवत आलेल्या माणसाकडे बघतात तसे. मग हळू आवाजात विचारलं, "मग रंग येतात कुठून?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, आणि मी ते दिलं, ही माझी हौस. म्हटलं, झाडाखाली उभं राहिलं की पानांतून गाळून आलेल्या उजेडाची हिरवट झाक चेहऱ्यावर पडते, ती काढली. टिंटचा स्लायडर किरमिजीकडे थोडा सरकवला. मागे ऊन भगभगत होतं, ते हायलाइट्स खाली आणून शांत केलं. आत्याच्या चेहऱ्यावर एक मोठा गोल मास्क ठेवून तेवढाच भाग जरा उजळला. तिचा पोपटी स्वेटर गवतात मिसळत होता, म्हणून गवत किंचित दाबलं.

"हे सगळं हाताने?"

"हो."

"प्रत्येक फोटोला?"

"हो."

"पण मग सगळे फोटो वेगवेगळे दिसतील!"

"वेगवेगळेच आहेत ते."

"अहो काका, मग फीड एकसारखं कसं दिसणार?" या वाक्याला खरंच कळवळा होता. आत्याच्या वाढदिवसाचं त्यांना जेवढं वाटलं नव्हतं तेवढं माझ्या फीडचं वाटत होतं. मला फीड, म्हणजे फोटो ओळीने मांडायचं इन्स्टाग्रामसारखं पान, नाही हे मी सांगितलं नाही. एका संध्याकाळी माणसाला किती धक्के द्यायचे!

मग त्यांनी आपला खजिना उघडला. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर. मूडी, डार्क मूडी, सिनेमॅटिक मूडी, अल्ट्रा सिनेमॅटिक मूडी. गोल्डन अवर सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा, आणि दुपारी बारालाही चालेल असा एक. जंगल, समुद्र, पाऊस, धुकं. हजारो फाइली होत्या आणि सगळ्या एकदम विकत घेतलेल्या. आत्याला ज्याने पिवळी केली तो लट त्यांनी अभिमानाने दाखवला. नावात 'लॉग' असा शब्द होता.

"जावईबापू, हा लॉग व्हिडिओसाठी आहे."

"हो ना! म्हणजे प्रो आहे."

इथे थोडं थांबून सांगायलाच हवं, कारण त्यांना सांगितलं ते वाया गेलं. सिनेमाचे कॅमेरे लॉगमध्ये चित्रण करतात तेव्हा ते मुद्दाम फिकं, धुरकट, बिनचवीचं करतात, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्तीत जास्त ऐवज त्यात मावतो. त्या फिक्या चित्राला पुन्हा माणसात आणायचं काम तो लट करतो, म्हणून त्यात कॉन्ट्रास्ट आणि रंग ठासून भरलेले असतात. कॅमेऱ्यातून आधीच तयार होऊन आलेल्या जेपेगवर तो टाकला की काळं कोळशासारखं होतं आणि गाल निखाऱ्यासारखे. आत्या हसत होती, पण वखारीला आग लागली असताना हसावं तशी.

"मग निदान याची तीव्रता तीस टक्क्यांवर तरी आणा," मी विनवलं.

"काका," जावईबापू म्हणाले, "पूर्ण पैसे दिलेत. तीस टक्के कशाला वापरायचं?"

यावर मी निरुत्तर झालो, हे मान्य करावं लागेल. हिशोब बरोबर होता.

पण हरलो नाही. त्या लटची फाइल मी नोटपॅडमध्ये उघडून त्यांच्यापुढे ठेवली. क्यूब जातीची ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. वरती आकार लिहिलेला, ३३, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी ३३ पायऱ्या, आणि त्याखाली ओळीच ओळी, प्रत्येक ओळीत तीन दशांश अपूर्णांक. लाल, हिरवा, निळा. ३३ गुणिले ३३ गुणिले ३३, म्हणजे ३५,९३७ ओळी. जावईबापूंनी बराच वेळ खाली खाली सरकवत नेलं. शेवटी म्हणाले, "यात सिनेमा कुठेय?"

तोच तर माझा मुद्दा होता! आठ बिटांच्या, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असलेल्या फोटोत २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग शक्य असतात. लट त्यातले ३५,९३७ लिहून ठेवतो आणि मधले शेजारच्यांवरून अंदाजाने भरतो. तो खिडकीत बसलेला कारकून आहे. पिक्सेल रांगेतून पुढे येतो, आपले तीन आकडे सांगतो. कारकून मान वर न करता रजिस्टर बघतो, नवे तीन आकडे हातावर ठेवतो आणि म्हणतो, पुढचा. हा पिक्सेल आत्याच्या गालाचा की मागच्या भिंतीच्या पोपड्याचा, हे त्याला माहीत नसतं आणि विचारायची सोयही नसते. आकडे सारखे तर निकाल सारखा. फोटो उजेडात काढलाय की अंधारात, हेही त्याच्या खात्यात येत नाही.

प्रीसेटचं प्रकरण वेगळं, पण बरं नाही. कुणा दुसऱ्याने कुठल्यातरी दुसऱ्या फोटोवर स्लायडर कुठे कुठे नेऊन ठेवले होते, त्याची ती नोंद. एक्स्पोजर इतकं वर, सावल्या इतक्या खाली, हिरव्याचं सॅच्युरेशन उणे साठ. ते स्लायडर निदान नंतर हलवता तरी येतात. लटमध्ये सगळं एकत्र शिजून गेलेलं, त्यातून हिरवा तेवढा वेगळा काढा म्हटलं तर निघत नाही.

आणि हिरव्याशी या मंडळींचं काय वैर आहे, हे मला एकदा कुणीतरी सांगावं. जो तो हिरव्याला पिवळ्याकडे ढकलतो, मग त्यातला जीव काढतो, आणि त्या शेवाळी चिखलाला मूड म्हणतो. जावईबापूंनी लटवर आणखी एक 'जंगल' नावाचा प्रीसेट चढवला होता. गवत मेलं, ते मेलं. पण आत्याचा स्वेटरही त्याच रांगेत होता. तो तिने स्वतः विणलेला आहे, लोकर निवडायला तीन दुकानं पालथी घातली होती, पोपटीच हवा म्हणून. फोटो बघून तिने एवढंच विचारलं, "माझा रंग कुठे गेला रे?" बाकी सगळे पिक्चरसारखा पिक्चरसारखा करत असताना प्रश्न विचारणारी ती एकटी होती.

त्या निळसर सावल्या आणि नारिंगी चेहऱ्यांमागे काहीच विचार नाही असं नाही. माणसाची त्वचा गोरी असो, सावळी असो, रंगचक्रावर ती साधारण नारिंगीच्या घरात पडते. त्याच्या समोरचा रंग निळा-हिरवा. पार्श्वभूमी तिकडे ढकलली की चेहरा उठून येतो. कुशल कलरिस्ट, म्हणजे सिनेमाचे रंग जुळवणारा, हे दृश्यागणिक, मास्क लावून, तपासून करतो. आमच्याकडे ते एका बोटाने झालं आणि आत्याच्या हनुवटीखालची सावलीही निळी-हिरवी झाली. फोटोतल्या एका काकांना तर आधीच दाढीची खुंटं होती. ते पूर्ण तळ्यातून वर आल्यासारखे दिसतात.

आता जे लिहितोय त्यात विनोद कमी आहे. बाजारातले बरेच प्रीसेट गोऱ्या चेहऱ्यांवर तयार होतात. जाहिरातीतले आधीचे-नंतरचे फोटो बघा. तिथे जो उबदार सोनेरी दिसतो, तोच आमच्या आत्याच्या सावळ्या चेहऱ्यावर विटकरी होतो, नाहीतर राखाडी. हे आजचं नाही. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅककडून प्रयोगशाळांना प्रिंटचे रंग जुळवायला नमुन्याचं एक कार्ड जायचं, 'शर्ली कार्ड'. त्यावर गोरी बाई. तिची त्वचा बरोबर आली की मशीन बरोबर. सावळ्या-काळ्या माणसांचे चेहरे अंधारात गेले तर तो त्यांचा दोष. पुढे गडद तपकिरी छटा नीट पकडणाऱ्या फिल्मसाठी कंपनी हलली त्यात मोठा वाटा होता चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा. म्हणजे कपाट नीट दिसावं म्हणून सुधारणा झाली, आणि माणसं आपली कपाटाच्या पुण्याईवर दिसायला लागली. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं. आणि आता आपण स्वतः पैसे मोजून, एका बोटाने, सगळं परत शर्लीच्या हवाली करतोय.

फिल्मवरून आठवलं. जावईबापूंच्या खजिन्यात 'जुनी फिल्म' म्हणून एक आख्खा कप्पा आहे. त्यात दाणे आहेत, ओरखडे आहेत, विटलेला काळा रंग आहे आणि कोपऱ्यातून घुसलेला लाल उजेडही आहे. कॅमेऱ्याचं मागचं झाकण सैल असलं की हा उजेड आत शिरायचा आणि रोल वाया जायचा. तेव्हा आम्ही त्या झाकणाला काळी चिकटपट्टी लावत फिरायचो. आता त्या उजेडाला स्लायडर आहे, कमी-जास्त करता येतो. १९३५ सालच्या कोडाक्रोम फिल्मचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं, आणि ती धुवून देणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेने, कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातल्या, २०१० च्या डिसेंबरअखेर रोल घेणं बंद केलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इन्स्टाग्राम आलं होतं, नव्या फोटोंना जुनाट करणारे फिल्टर घेऊन. खरं जुनं बंद व्हायला तीन महिनेही थांबले नाहीत लोक.

असो. जावईबापूंना हे सगळं सांगून झाल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, पोचलं. मग म्हणाले, "काका, तुमचा हा जो हाताने केलेला लुक आहे ना, त्याचाच प्रीसेट बनवून द्या. 'काका नॅचरल' नाव ठेवू."

मी म्हटलं, तो त्या झाडाचा, त्या उन्हाचा, त्या दुपारचा आहे. दुसरीकडे चालणार नाही. ते म्हणाले, द्या तर खरं. बहिणीने मागून डोळे केले. जावयाला नाही म्हणायचं नसतं. दिला.

परवा त्यांच्या घरच्या समारंभाचा फोटो ग्रुपवर आला, खाली श्रेयनामावली, 'प्रीसेट: काका'. रात्रीचा, घरातल्या दिव्यांत काढलेला. पानांची हिरवट झाक तिथे नव्हतीच, त्यामुळे ती घालवायला मी सरकवलेल्या टिंटने सगळ्या घराला गुलाबी करून टाकलं होतं. आणि आत्याच्या चेहऱ्यावर ठेवलेला तो उजेडाचा गोल मास्क प्रीसेटबरोबर जसाच्या तसा, त्याच जागी गेला होता. त्यांच्या फोटोत त्या जागी भिंतीवरचा स्विचबोर्ड होता. स्विचबोर्ड काय उजळून निघालाय! प्रत्येक बटण मोजून घ्या.

ग्रुपवर आता "काकांचा प्रीसेट बिघडलेला आहे" यावर एकमत झालंय. बायकोनेही अंगठा दिला, आणि या वेळी चुकून नाही. आज सकाळी जावईबापूंचा खासगी निरोप आला: "काका, स्विचबोर्ड मस्त आलाय. आमचे चेहरे पुढच्या अपडेटमध्ये येतील का?"